अण्णा काय म्हणाले

"माग बंद करा रे!" काकांनी दारातूनच ओरडून सांगितलं आणि शेडमधले आठही माग एकामागून एक थांबले.

लाइट गेली तर गोष्ट वेगळी, पण एरवी वर्षातून दोनच दिवस आमचे माग दिवसाढवळ्या थांबायचे. एक खंडेनवमीला आणि एक अण्णांच्या तिथीला. आवाज थांबला की घरात सगळ्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. भिंतीपलीकडचा खडखडाट ऐकत लहानाची मोठी झालेली माणसं आम्ही, हळू बोलणं आम्हांला कुणी शिकवलंच नाही. मी अजूनही फोनवर बोलायला लागले की माझा नवरा म्हणतो, "पैसे कशाला घालवतेस, खिडकी उघड नुसती. सांगलीतून इचलकरंजीला ऐकू जाईल."

ती अण्णांची पाचवी तिथी. मी तेरा वर्षांची होते. अण्णा गेले तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते आणि माझी आई सव्वीस. जेवायला आजी, काका-काकू आणि रेंदाळहून आलेले धोंडीराममामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ. आई वाढत होती. पानात गव्हाची खीर, वडे, अळूची भाजी, आणि शास्त्रात बसो न बसो, अण्णांना आवडायचा म्हणून हिरव्या मिरचीचा खर्डा.

आमच्याकडं त्या दिवशी एक रीत पडून गेली होती. अण्णांचं पान ठेवून झालं की जेवताना प्रत्येकानं त्यांची एक तरी आठवण सांगायची. आठवणी दर वर्षी त्याच असायच्या, पण कुणी "हे मागच्या वर्षी झालं" असं म्हणायचं नाही. काका सांगायचे, "आमचा मुरली झोपेतनं उठून सांगायचा, दादा, पाच नंबरच्या मागाचा पिकर गेलाय बघ. जाऊन बघावं तर खरंच गेलेला! निम्म्या गावाचे माग त्याच्या कानावर चालायचे." अण्णा जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आणि कुठल्याही गल्लीतून त्यांना बोलावणं यायचं. काकू सांगायची की भावजींनी गजरा आणला तर दोन आणले, एक कधीच नाही. आजी मात्र दर वर्षी "माझं लेकरू ऊन-ऊन भाकरी मागायचं," एवढंच म्हणायची आणि पुढं तिला बोलवायचं नाही.

सगळ्यात शेवटी माझी पाळी असायची. आजी डोळे पुसून म्हणायची, "उजू, सांग बाळ. तुझा बाप जाताना काय म्हणला?"

मग मी ताट बाजूला सारून, नीट बसून सांगायची, "अण्णा म्हणाले, शालनला जपा."

शालन म्हणजे आई. एवढं ऐकलं की काकूच्या हुंदक्याला वाट मिळायची, काका पाणी प्यायचे आणि आजी मला जवळ ओढायची. अण्णांचा जीव गेला तेव्हा त्यांच्याजवळ मी एकटीच होते. आई दवाखान्यातून पेज आणायला घरी आली होती, आणि तेवढ्यात ते गेले. त्यामुळं ते दोन शब्द माझ्याजवळ होते, दुसऱ्या कुणाजवळ नव्हते. त्या दिवशी खिरीची पहिली वाटी मला मिळायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्या वर्षी मात्र मामा नुसते जेवायला आले नव्हते. ते एक स्थळ घेऊन आले होते, आईसाठी.

माणूस सूतगिरणीत कारकून होता, तारळेकर नावाचा. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, गिरणीच्या वसाहतीत दोन खोल्या. तो आमच्याकडं दोनदा येऊन गेला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा चहा पिऊन झाल्यावर कपबशी उचलून स्वतः मोरीकडं निघाला. आई म्हणाली, "अहो, ठेवा ते, ठेवा!" आणि हसली. मी आतल्या खोलीत भूगोलाचा नकाशा काढत होते. तिचं हसणं ऐकलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. पाच वर्षांनी माझी आई हसली होती, आणि मला तिचा संताप आला होता.

तिथीच्या आदल्या दिवशी माझी वेणी घालताना तिनं विचारलं, "तुला कसा वाटला गं माणूस?"

"कोण?"

"ते तारळेकर."

"त्यांच्या कानात केस आहेत."

आई हळूच म्हणाली, "असू देत की. केस कापता येतात. तुला तर न्यायचंच म्हणालेत ते. पोरगी पहिल्यांदा, मग बाकीचं, असं म्हणालेत."

म्हणजे मला टाकून ती जाणार, ही भीतीसुद्धा मला नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं अनेक वर्षं मी स्वतःची समजूत अशीच घातली की मी घाबरले होते. मी घाबरले नव्हते. मला ती अण्णांचीच हवी होती, आणि तिथीच्या दिवशी मिळणारा माझा मान हवा होता.

तर, माग थांबलेले, पानं वाढलेली, आठवणी सुरू व्हायच्या आधीच मामांनी विषय काढला.

"आत्या, तुमची परवानगी असंल तर बोलतो. तारळेकर हो म्हणालेत. चैत्रात उरकून टाकू."

मला वाटलं, आजी आकांडतांडव करणार. पण आजीनं खाली बघून सांगितलं, "आमच्यात विधवेचा पाट लागतोय, धोंडीराम. माझ्या आत्याचाबी लागला हुता. पोरीचं वय एकतीस. मी काय तिला जन्मभर मागाच्या कांड्या भरत बसवू? मी तयार हाय."

आईच्या हातातला डाव वाटीवर वाजला. ती खाली बघत होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

काका मात्र घास हातात धरून बसले होते. माणूस वाईट नव्हता. आईला ते कधी उणा शब्द बोलले नाहीत. ते म्हणाले, "माझा विरोध न्हाई, पावणं. पण मला एक कोडं पडलंय. मुरली जाताना म्हणला, शालनला जपा. आता जपायचं म्हंजे काय? आपल्यात ठेवून जपायचं, का तिचा संसार लावून द्यायचा? त्याच्या मनात काय हुतं?"

"संसार लावून देणं हेबी जपणंच की," मामा म्हणाले.

"मलाबी तसंच वाटतंय. पण मरणाऱ्याचा शब्द हाय. उद्या आपण चुकलो असं व्हायला नको." आणि काका माझ्याकडं वळले. "उजू, बाळ, नीट आठवून सांग. तुझा बाप तेवढंच म्हणला, का आणखी काय म्हणला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईसुद्धा. तिच्या डोळ्यांत जरासुद्धा धाक नव्हता. उलट, आता माझी लेक नेहमीचं सांगेल आणि सगळं सुरळीत होईल, असा भरवसा होता.

मी ताट बाजूला सारलं.

"अण्णा म्हणाले, शालनला जपा," मी म्हणाले. "तिला कुठं पाठवू नका."

माग चालू असताना बोलतात तसं मी बोलले, खणखणीत. माग बंद होते. समोरच्या घरात भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबला, ते मला आतून ऐकू आलं. एवढ्या मोठ्यानं बोललेलं परत घेता येत नाही.

आजी म्हणाली, "हे आधी कधी सांगितलं न्हाईस."

"आणखी काय, असं आधी कुणी विचारलं नाही," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, इतकं सोपं होतं ते.

मामांनी पान सारलं. "अहो, पोर हाय ती! आठ वर्षांची हुती तवा. काय ऐकलं, काय न्हाई—"

"पावणं," काका म्हणाले, "तिथं तीच हुती. आपण कुणी नव्हतो."

मामा बहिणीकडं बघत होते. तिनं एक शब्द बोलावा, एवढीच त्यांची इच्छा होती. "मला जायचंय" असं ती म्हणाली असती तर आजीनं आणि काकांनी तिला अडवलं नसतं, हे मला आज कळतं. आईनं खिरीचं पातेलं खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "दादा, तारळेकरांना सांग, न्हाई जमणार. ह्यांनी तसं म्हटलंय तर राहू दे."

"शालन, नीट इचार कर."

"जाताना त्यांनी माझाच इचार केला. मग मी त्यांचा नको करायला?"

तिनं पातेलं पुन्हा उचललं. पहिली वाटी मलाच वाढली. वाढताना डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आणखी घे. तुला आवडते ना."

मी घेतली. दोन वाट्या खाल्ल्या.

मामा हात धुऊन लगेच निघाले. त्यांना डबा भरून द्यायचं आईनं ठरवलं होतं, तेसुद्धा राहिलं. थोड्या वेळानं काकांनी माग सुरू करायला सांगितले आणि मला हायसं वाटलं. त्या आवाजात कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते. "तिला कुठं पाठवू नका" हे मी त्या दिवशी जोडलं, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. पण "शालनला जपा" हेसुद्धा अण्णा म्हणाले नव्हते. ते काय म्हणाले मला माहीत नाही. मी तिथं नव्हते.

अण्णांना कावीळ झाली होती. आधी गावठी औषधात पंधरा दिवस गेले, मग दवाखाना. सहाव्या दिवशी दुपारी आई मला त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसवून म्हणाली, "मी पेज घेऊन येते. अण्णांजवळनं हलू नकोस. पाणी मागितलं तर चमच्यानं दे." अण्णा डोळे मिटून पडले होते. मी थोडा वेळ त्यांच्या पिवळ्या नखांकडं बघत बसले. मग रस्त्यावरून बँड ऐकू आला. खिडकीतून बघितलं तर वरात होती आणि पुढं घोडा नाचत होता. मी फक्त फाटकापर्यंत जाणार होते. फाटकापासून चौकापर्यंत गेले. घोड्याच्या पायांत घुंगरं होती आणि नवरदेव घाबरून त्याच्या मानेला मिठी मारून बसला होता, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले.

परत आले तेव्हा अण्णांचा एक हात खाटेबाहेर लोंबत होता. खालच्या फरशीवर चमचा पडला होता. मी चमचा उचलून ठेवला, हात उचलून खाटेवर ठेवला आणि स्टुलावर बसले. हात जड लागला. सिस्टर आल्या, त्यांनी नाडी बघितली आणि मला "तू बाहेर जा बाळ" म्हणाल्या. मी पहिल्यापासून तिथंच होते असं त्यांनाही वाटलं.

मग सगळे आले. आजीनं पहिलाच प्रश्न केला, "माझ्या लेकराच्या तोंडात पाणी तरी घातलं का गं कुणी?" आमच्यात माणूस कोरड्या तोंडानं जाऊ नये असं मानतात. घरच्या कुणीतरी शेवटचं पाणी पाजलं की त्याचा जीव सुखानं जातो. मी मान हलवून हो म्हटलं. आजी म्हणाली, "माझी गुणाची गं बाई!" आणि तिनं मला पोटाशी धरलं. पाणी पाजलं म्हणजे मी जवळ होते, आणि जवळ होते म्हणजे काहीतरी ऐकलं असणार. आईनं माझे दोन्ही खांदे धरले. "काय म्हणाले का गं? माझ्याबद्दल काय म्हणाले?" तिची बोटं खांद्यांत रुतत होती. अण्णा सुताच्या कामाला परगावी निघाले की दारातून आजीला आणि काकूला सांगायचे, "शालनला जपा." मला तेच आठवलं, मी तेच दिलं. तिनं हात सोडले आणि मगच ती रडली.

आठ वर्षांच्या पोरीच्या खोट्याला मी माफ करते. तेरा वर्षांच्या पोरीला मला माफ करता येत नाही, कारण तिला सगळं कळत होतं.

पुढं काय झालं ते काही फार सांगण्यासारखं नाही. आई कांड्या भरत राहिली. घरात तिला कुणी त्रास दिला नाही, फक्त ती कायम दिराच्या घरी राहिली. नवीन साडी काकूनं निवडल्यावर, चहा सगळ्यांचा झाल्यावर. बाविसाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी सांगलीला आले. "तिला कुठं पाठवू नका" म्हणणारी मी मांडवातून सरळ गाडीत जाऊन बसले, आणि ती त्या खडखडाटात एकटी राहिली. दर तिथीला मी जायची. जेवताना आजी विचारायची, पुढं आजी गेल्यावर काका विचारायचे, आणि मी सांगायची. दोन्ही वाक्यं.

काकांनी माग भंगारात विकले तेव्हा मी आईला माझ्याकडं आणलं. त्यालाही आता सहा-सात वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी ती अंगणात परात मांडीवर घेऊन पावटे सोलत बसली होती. मी शेजारी पायरीवर पेपर वाचत होते. आतल्या पानावर फोटो होता. चेहरा ओळखू आला नाही, नाव ओळखलं.

"आई, तारळेकर गेले."

"कोण गं?"

"ते, गिरणीतले."

तिचे हात थांबले नाहीत. दोन शेंगा सोलून झाल्यावर तिनं विचारलं, "लग्न केलं होतं का त्यांनी पुढं?"

मी वाचलं. "पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार."

"बरं झालं," ती म्हणाली. "चांगला माणूस होता. माझ्यामुळं अडून राहिला नाही, हे बरं झालं."

ती इतक्या मनापासून म्हणाली की मला राहवेना. मी पेपर घडी करून ठेवला.

"आई, तुला जायचं होतं का तेव्हा?"

"आता काय त्याचं!" ती हसली. "होतं. तुला म्हणून सांगते. माझ्या तर मनातल्या मनात त्या दोन खोल्या लावूनसुद्धा झाल्या होत्या. फळी कुठं, चूल कुठं. पण ह्यांचा शब्द होता ना."

"नव्हता," मी म्हणाले.

"काय नव्हता?"

मग मी सांगितलं. आधी दुसरं वाक्य, कारण माझ्या मते गुन्हा तोच होता. तुझा संसार मी मोडला, म्हटलं. तू मला मार, बोल, काहीही कर. ती परातीतले पावटे बोटानं इकडून तिकडं करत ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "एवढंच ना? पोर होतीस. बाप गेलेली पोर ती. माझंही चुकलंच, तुझ्या मनात काय आहे ते मी विचारायला हवं होतं. रडू नकोस." आणि पावट्याच्या हिरव्या बोटांनीच तिनं माझे डोळे पुसले. "पहिलं तर खरं होतं ना? शालनला जपा. मला तेवढं पुरलं गं जन्मभर."

इथं थांबता आलं असतं. एखाद्या शहाण्या बाईनं तोंड मिटून घेतलं असतं. पण माफी मिळाल्यावर मला सगळ्याचीच माफी हवीशी झाली. घोड्याचं सांगितलं, चौकाचं सांगितलं.

आई माझ्याकडं बघतच राहिली.

"म्हणजे ते काहीच बोलले नाहीत?"

"मला माहीत नाही आई. मी नव्हते."

"किती वेळ नव्हतीस?"

"अर्धा तास असेल."

"म्हणजे एकटेच होते?"

मी मान खाली घातली.

"मी तुला हलू नकोस म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. चाळीस वर्षांत ती माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती. तो आवाज मोठाही नव्हता. "मग पाणी? आत्याबाईंना तू म्हणालीस, पाजलं म्हणून."

"नाही पाजलं."

"मागितलं असेल त्यांनी?"

फरशीवर पडलेल्या चमच्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. तेवढं मात्र मी अजूनही सांगितलेलं नाही. "झोपेतच गेले असतील," असं मी म्हणाले, आणि माझ्या खोट्यात आणखी एकाची भर घातली. तिला ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही.

मग ती म्हणाली, "तारळेकरांचं काही नाही गं. पण मी रोज अंथरुणाला पाठ टेकताना एवढंच म्हणायची, की मी नव्हते तरी लेक होती जवळ." तिनं परात खाली ठेवली. सोललेले आणि न सोललेले पावटे एकत्र झाले. "तू आत जा आता. मला जरा एकटीला बसू दे."

त्या दिवशी तरी मी तिच्याजवळून हलायला नको होतं. ती काहीही म्हणाली तरी तिथंच पायरीवर बसून राहायला हवं होतं. मला ते कळत होतं, आणि तरी मी उठले आणि आत गेले.